चार पट्ट्यांचा मान

मुंबईच्या उपनगरात वर्सोव्याचा कोळीवाडा आहे. नारळी पौर्णिमेनंतर एखाद्या पहाटे तिथं जाऊन उभं राहिलं, की होड्या समुद्रात निघालेल्या दिसतात. प्रत्येक होडीवर खलाशी असतात आणि त्यांचा प्रमुख एक तांडेल असतो. तांडेलाचा पोशाख इतरांहून निराळा नसतो. त्याच्या खांद्यावर सोनेरी पट्ट्याही नसतात. पण आभाळाकडे आणि पाण्याच्या रंगाकडे पाहून तो म्हणाला, "आज होडी काढायची नाही," तर ती निघत नाही. घरात मीठ-भाकरीची चिंता असली तरी नाही.

त्याच वेळी दक्षिणेकडे मान वळवलीत, तर सांताक्रूझच्या धावपट्टीवरून उठलेलं एखादं विमान जुहूवरून समुद्राकडे जाताना दिसेल. त्यात दीडदोनशे माणसं बसलेली असतात. त्यांचाही एक तांडेल असतो. त्याला आपण कप्तान म्हणतो. आज मला बोलायचं आहे ते या कप्तानाविषयी. हा मान मिळतो कसा आणि मिळायला काय लागतं, हा आजचा विषय.

या विषयाला निमित्त आहे आमच्या महाविद्यालयातला एक विद्यार्थी. तो सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यातून आला आहे. एके दिवशी तास संपल्यावर तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "सर, वडील दोन एकर जमीन विकायला तयार आहेत. दोन वर्षांत कॅप्टन होता येतं ना?" मी पडलो इतिहासाचा माणूस. लगेच उत्तर देण्यापेक्षा मी त्याला म्हटलं, चार दिवस थांब. त्या चार दिवसांत जे वाचलं, आठवलं आणि जुळवलं, तेच आपल्यापुढे ठेवतो.

आरंभ करावा लागतो तो जुहूपासून. १९२८ साली जुहूच्या खाजणालगत विमानतळ झाला. पुढच्याच वर्षी, १० फेब्रुवारी १९२९ रोजी, जे. आर. डी. टाटा यांना वैमानिकाचा परवाना मिळाला. भारतात दिला गेलेला तो पहिला परवाना. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी टाटांनी कराचीहून टपालाच्या थैल्या घेऊन एका इंजिनाचं छोटं पस मॉथ विमान उडवलं, अहमदाबादला उतरून इंधन घेतलं आणि दुपारी ते जुहूला पोहोचले. अहमदाबादला ते इंधन बैलगाडीतून, डब्यांत भरून आलं होतं! जुहूहून पुढे बल्लारीमार्गे मद्रासपर्यंत टपाल नेलं ते त्यांचे सहकारी नेव्हिल व्हिन्सेंट यांनी.

या विमानात सहवैमानिक नव्हता. वाट दाखवणारा बिनतारी संदेश नव्हता. खाली दिसणारी नदी, आगगाडीचे रूळ आणि किनारा यांवर नजर ठेवून जायचं. म्हणजे कप्तान तोच आणि खलाशीही तोच. चूक झाली तर सांगणारं कोणी नाही, आणि चुकीची किंमत मोजणाराही तो एकटाच.

त्या काळातली आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. पावसाळा लागला, की जुहूच्या मैदानाचा चिखल होई. तेव्हा टाटांची ही टपालसेवा पावसाळ्यापुरता आपला मुक्काम पुण्याला हलवी. धाडस करून जुहूलाच उतरू, असं कोणी म्हणालं नाही. 'इथं आत्ता उतरायचं नाही' हे कळणं हाच विमानविद्येचा पहिला धडा होता, आणि तो पावसानं शिकवला.

पुढे विमानं मोठी झाली. जुहूचं मैदान अपुरं पडू लागलं आणि मुलकी वाहतूक शेजारच्या सांताक्रूझला गेली. ८ जून १९४८ रोजी 'मलबार प्रिन्सेस' हे चार इंजिनांचं कॉन्स्टेलेशन विमान कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला निघालं. कप्तान होते के. आर. गझदर. स्वतंत्र भारताच्या विमान कंपनीची ही युरोपकडची पहिली फेरी. अशा विमानात कप्तानाच्या हाताखाली सहवैमानिक असे, दिशा काढणारा मार्गदर्शक असे, इंजिनांवर लक्ष ठेवणारा अभियंता असे आणि प्रवाशांची काळजी घेणारा कर्मचारीवर्ग असे. एकट्याचा खेळ संपून होडीसारखा संसार सुरू झाला होता.

'कप्तान' हा शब्दही जहाजावरूनच आला. १९३० नंतरच्या दशकात अमेरिकेतल्या पॅन अमेरिकन कंपनीची पाण्यावर उतरणारी मोठी विमानं समुद्रापलीकडे जाऊ लागली, तेव्हा तिनं आपल्या वैमानिकांना जहाजावरच्या अधिकाऱ्यांसारखा पोशाख दिला आणि कप्तान, प्रथम अधिकारी अशी पदंही दिली. बाहीवरच्या आणि खांद्यावरच्या सोनेरी पट्ट्या याच घरातल्या. आज बहुतेक सर्वत्र कप्तानाच्या चार पट्ट्या असतात आणि सहवैमानिकाच्या तीन. बसण्याची जागाही ठरलेली. कप्तान डावीकडे, सहवैमानिक उजवीकडे.

आता आपण म्हणाल, तीन पट्ट्या आणि चार पट्ट्या यांत अंतर ते किती? बोटभर! पण या बोटभर अंतरात काय काय भरलेलं आहे, हे पाहायचं तर आपल्याला घाटकोपरला यावं लागेल.

१२ जुलै १९४९. भर पावसाळा. डच कंपनीचं एक कॉन्स्टेलेशन विमान इंडोनेशियातून दिल्लीमार्गे मुंबईला येत होतं. पुढे त्याला हॉलंडला जायचं होतं. प्रवाशांत अमेरिकेचे १३ पत्रकार होते. सांताक्रूझवर पाऊस आणि खाली आलेले ढग. उतरण्याच्या प्रयत्नात असताना हे विमान घाटकोपरच्या टेकडीवर आदळलं आणि आतली ४५ च्या ४५ माणसं गेली. टेकडी काही हिमालय नव्हती, जेमतेम सातशे फुटांची. विमानात बिघाड झाला म्हणून नव्हे, तर ढगाआड टेकडी दिसली नाही म्हणून हा घात झाला.

पुढे जुलै १९६२ मध्ये इटलीच्या कंपनीचं एक जेट विमान बँकॉकहून मुंबईकडे येत होतं. आपण मुंबईच्या बरेच जवळ आलो आहोत, असा वैमानिकाचा समज झाला आणि त्यानं वेळेआधीच विमान खाली आणायला सुरुवात केली. खाली समुद्रकाठची सपाटी नव्हती, जुन्नरचे डोंगर होते. ९४ माणसं गेली. जुन्नर भागातले वडीलधारे लोक अजूनही त्या रात्रीची आठवण सांगतात.

तिसरी गोष्ट जिवावर बेतली नाही, पण शिकवण तीच. जुहू आणि सांताक्रूझ हे दोन विमानतळ एकमेकांना अगदी लागून आहेत आणि त्यांच्या धावपट्ट्यांची दिशाही जवळजवळ एकच आहे. समुद्राकडून येणाऱ्याला आधी दिसतं ते जुहू. १९५३ साली ब्रिटिश कंपनीचं कॉमेट जेट सांताक्रूझ समजून जुहूच्या आखूड धावपट्टीवर उतरलं. २४ सप्टेंबर १९७२ रोजी जपानी कंपनीच्या डी. सी. ८ विमानानं तीच चूक केली आणि ते धावपट्टी ओलांडून पुढे गेलं. सुदैवानं कोणी दगावलं नाही, पण विमान निकामी झालं.

या तिन्ही घटनांत विमान चालवणारे नवशिके नव्हते. त्यांच्यापाशी परवाने होते, अनुभव होता. मग उणं काय पडलं? हाताचं कसब नव्हे. उणी पडली ती एक शंका. 'मला दिसतं आहे तेच खरं आहे ना?' ही शंका योग्य वेळी मनात यावी, आणि आली तर उतरणं सोडून विमान पुन्हा वर न्यावं, हे काम कप्तानाचं. प्रवाशांना उशीर होतो, इंधन जळतं, कंपनीला खर्च येतो. तरीही 'नाही, आत्ता नाही' असं म्हणण्याचा अधिकार त्याला दिलेला आहे. विमान हवेत असताना शेवटचा शब्द त्याचाच, हा जगभर मान्य झालेला नियम आहे. वर्सोव्याचा तांडेल काठावर उभा राहून जे म्हणतो, तेच कप्तानाला ताशी शेकडो किलोमीटर वेगानं जाताना म्हणावं लागतं.

पण हा अधिकार म्हणजे मनमानी नव्हे, हेही जगाला किंमत मोजून कळलं. २७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या तेनेरिफे बेटावर धुक्यात दोन जंबो जेट विमानं धावपट्टीवरच एकमेकांवर आदळली. ५८३ माणसं मेली. उड्डाणाची परवानगी मिळण्यापूर्वीच एका कप्तानानं विमान पळवलं होतं. तो आपल्या कंपनीतला अतिशय ज्येष्ठ शिक्षक-वैमानिक. दुसरं विमान अजून धावपट्टीवर असेल, अशी शंका त्याच्याच अभियंत्यानं बोलून दाखवली होती. कप्तानानं ती झटकून टाकली, आणि एवढ्या मोठ्या माणसापुढे ती पुन्हा कोणी लावून धरली नाही.

या अपघातानंतर विमान कंपन्यांच्या शिक्षणाची दिशाच पालटली. १९७९ साली अमेरिकेच्या नासा संस्थेनं या प्रश्नावर विचारविनिमय घडवून आणला. त्यातून कप्तानाला ऐकायला आणि सहवैमानिकाला बोलायला शिकवण्याची पद्धत रूढ होत गेली. आपल्या घरात, शाळेत, कचेरीतही 'मोठ्यांच्या तोंडी लागू नये' हा संस्कार आहे. त्यामागची आदराची भावना चांगलीच आहे. पण विमानात धाकट्यानं गप्प राहणं हा गुन्हा ठरू शकतो, आणि मोठ्यानं ऐकून न घेणं हा त्याहून मोठा. कप्तानपदासाठी ही नवी पात्रता विसाव्या शतकाच्या शेवटी जोडली गेली.

आता एका मराठी कप्तानाची गोष्ट सांगतो. नाव दामोदर काशिनाथ जटार. एप्रिल १९५५ मध्ये इंडोनेशियातल्या बांडुंग इथं आशिया आणि आफ्रिकेतल्या राष्ट्रांची परिषद भरायची होती. तिथं जाणाऱ्या चिनी प्रतिनिधींसाठी आणि पत्रकारांसाठी एअर इंडियाचं 'काश्मीर प्रिन्सेस' हे विमान भाड्यानं घेण्यात आलं होतं. चीनचे पंतप्रधान चाऊ एन-लाय त्यातून जातील, असा बऱ्याच जणांचा समज होता. ११ एप्रिलला विमान हाँगकाँगहून निघालं. आत ११ प्रवासी आणि ८ कर्मचारी. हाँगकाँगच्या विमानतळावर कोणीतरी त्यात बाँब ठेवला होता. समुद्रावरून जात असताना त्याचा स्फोट झाला आणि उजव्या पंखाला आग लागली.

अशा वेळी काय करावं, हे शांतपणे वाचतानासुद्धा आपल्याला सुचत नाही. जटारांनी आगीजवळचं इंजिन बंद केलं. आपण कुठं आहोत, हे सांगणारे संकटसंदेश गेले आणि मग संदेशयंत्रच बंद पडलं. धूर विमानात शिरू लागला. यंत्रणा एकेक करून साथ सोडत होत्या. जवळ जमीन नव्हती. तेव्हा विमान समुद्रावर उतरवण्याचं ठरलं. जीवरक्षक जाकिटं वाटली गेली, बाहेर पडण्याची दारं उघडली गेली. हवाई सुंदरी ग्लोरिया बेरी यांनी शेवटपर्यंत आपलं काम सोडलं नाही. पंख पाण्याला लागताच विमानाचे तुकडे झाले. १९ पैकी १६ जण गेले. जटार त्यांतच होते. सहवैमानिक दीक्षित, मार्गदर्शक पाठक आणि देखभाल अभियंता अनंत कर्णिक हे तिघं तासन् तास पोहून वाचले. कर्णिकांनी पुढे या प्रसंगावर पुस्तक लिहिलं. जटारांचा मरणोत्तर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचाही अशोकचक्र श्रेणीच्या शौर्यपदकांनी गौरव झाला.

जटार विमान वाचवू शकले नाहीत. पण त्या थोड्या मिनिटांत त्यांच्या माणसांपैकी प्रत्येक जण आपापलं काम करत होता, आणि म्हणून तिघं जगले. कप्तानाची परीक्षा नेहमी यशानंच मोजता येत नाही. सगळं हातचं गेलेलं असतानाही उरलेल्यांसाठी काय करता येईल, याचा विचार त्याच्या डोक्यात चालू असावा लागतो.

इथं आणखी एक प्रश्न उभा राहतो. हे गुण काय पुरुषांचीच मिरास? प्रेम माथुर यांनी १९४७ साली व्यावसायिक वैमानिकाचा परवाना मिळवला. पण बाईच्या हाती विमान द्यायला अनेक कंपन्यांनी नकार दिला. अखेर हैदराबादच्या डेक्कन एअरवेजनं त्यांना सहवैमानिक म्हणून घेतलं. उजवी खुर्ची मिळाली, डावी मात्र मिळाली नाही. पुढे काळ बदलला. १९८५ साली इंडियन एअरलाइन्सचं फोकर विमान कलकत्त्याहून सिल्चरला गेलं, तेव्हा त्यातल्या सगळ्या कर्मचारी स्त्रिया होत्या आणि कप्तान होत्या सौदामिनी देशमुख. सहवैमानिक होत्या निवेदिता भसीन. दोन खुर्च्यांमधलं ते हातभर अंतर ओलांडायला स्त्रियांना बरीच वर्षं लागली. गावातल्या एखाद्या हुशार मुलीनं वैमानिक व्हायचं म्हटलं, तर गुरुजनांनी तिला हसण्यापूर्वी हा इतिहास आठवावा.

आता माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे येतो. दोन वर्षांत काय होतं? पदार्थविज्ञान आणि गणित घेऊन बारावी, ही आपल्याकडची वर्षानुवर्षांची अट. मग वैद्यकीय तपासणी. त्यानंतर हवामान, दिशाशोधन, हवाई नियम, विमानाची यंत्रविद्या अशा विषयांच्या परीक्षा. धुळे, बारामती, गोंदिया अशा आपल्या मुलखातल्या ठिकाणीही उड्डाण शिकवणाऱ्या संस्था उभ्या राहिल्या. वयाची १८ वर्षं आणि किमान २०० तासांचं उड्डाण झालं, की व्यावसायिक परवाना मिळू शकतो. या तासांत निम्मे तास विमानाचा प्रमुख म्हणून स्वतःच्या जबाबदारीवर काढायचे असतात. मन लावून शिकलं तर दोनेक वर्षांत एवढं होतं. पण हा परवाना म्हणजे हुद्दा नव्हे. शेतीच्या पदवीनं कोणी आपोआप बागायतदार होत नाही, तसंच हे.

यापुढे एकेका जातीच्या मोठ्या विमानाचं वेगळं शिक्षण आणि नोकरी मिळाली तर सहवैमानिकाची खुर्ची. वरच्या परवान्यासाठी वय किमान २१ आणि उड्डाण १५०० तास हवं. त्यात रात्रीचं उड्डाण आलं, बाहेर काही न दिसता केवळ उपकरणांवर भरवसा ठेवून केलेलं उड्डाणही आलं. थकवा येऊ नये म्हणून वैमानिकाला वर्षात १००० तासांहून अधिक उडू देत नाहीत. म्हणजे घाई करायची म्हटली तरी ती करता येत नाही. शिवाय १५०० तास भरले म्हणून कोणी चौथी पट्टी आणून देत नाही. कंपनीत जागा रिकामी व्हावी लागते. निवड झाल्यावर डाव्या खुर्चीत बसवून शेजारी शिक्षक-कप्तान बसतो. जमिनीवरच्या नकली विमानात आग, वादळ, बंद पडलेलं इंजिन असे प्रसंग आणून माणूस पारखला जातो. आणि कप्तान झाल्यावरही सुटका नाही. दर सहा महिन्यांनी पुन्हा परीक्षा, ठरावीक मुदतीनं पुन्हा वैद्यकीय तपासणी. आपल्या प्राध्यापकांची दर सहा महिन्यांनी अशी परीक्षा घेतली, तर किती जण वर्गात उरतील, हा विचार माझ्या मनात येऊन गेला!

चार दिवसांनी तो विद्यार्थी आला, तेव्हा मी त्याला हे सगळं सांगितलं. म्हटलं, दोन वर्षांत परवाना मिळेल, कप्तानपद नाही. जमीन विकायची की नाही, हे तुझ्या घरानं ठरवायचं. पण एक पैसाही खर्च करण्याआधी अधिकृत डॉक्टरांकडून वैद्यकीय तपासणी करून घे. डोळ्यांत किंवा कानांत दोष निघाला, तर जमीनही जाईल आणि खुर्चीही मिळणार नाही. खर्च लाखांच्या घरातला आहे आणि परवाना हातात आला तरी नोकरी लगेच मिळेलच, असं नाही. हे वडिलांना स्पष्ट सांग. हे ऐकून तुझी इच्छा टिकली, तर ती खरी.

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग त्यानं विचारलं, "सर, तपासणी कुठं करतात?" पुढचा मुक्काम विचारण्याऐवजी त्यानं पहिलं पाऊल विचारलं, याचं मला समाधान वाटलं.

शिक्षकबंधूभगिनींनो, तुमच्याही वर्गात आकाशाकडे पाहणारी मुलं असतील. त्यांना पट्ट्यांचा रुबाब जरूर सांगा. पण त्याबरोबर घाटकोपरची टेकडी सांगा, जटारांची ती शेवटची मिनिटं सांगा, आणि वर्सोव्याच्या काठावर उभा राहून "आज नाही" म्हणणारा तांडेलही सांगा. चौथी पट्टी दर्जी शिवून देतो. ती खांद्यावर पेलण्याची ताकद मात्र माणसाला वर्षानुवर्षं, तासातासानं कमवावी लागते.